परत वर

माझ्या धाकट्या भावाला घरातली एकही वस्तू सापडत नाही. साखरेचा डबा नाकासमोर असला तरी "साखर संपली वाटतं" म्हणून तो फिका चहा पिऊन उठतो. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणं तर रोजचंच. माझ्या दुकानापासून त्याच्या घरापर्यंत रस्ता सरळ आहे, मध्ये एकच वळण. त्या वळणावरही स्कूटर थांबवून तो कुणाला तरी पत्ता विचारताना मी स्वतः पाहिला आहे. माझी भावजय म्हणते, "यांना बाजारात पाठवलं की मागोमाग मलाच जावं लागतं."

आणि हाच माणूस इतकी वर्षं पोरापोरींना काय शिकवतो, तर ढगात काहीही दिसत नसताना विमान रनवेवर कसं आणायचं ते. हे मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी खूप हसले होते. आता हसत नाही. का, तेच सांगते.

मी बायकांचे कपडे शिवते. विमानाशी माझा संबंध आला तो झापडांमुळे. एकदा हा दुकानात आला आणि कटिंगच्या टेबलावर, चक्क एका नवरीच्या ब्लाउजवर, त्याने प्लॅस्टिकची टोपीसारखी एक वस्तू ठेवली.

"ताई, याला दोन्ही बाजूंनी कापड लावून दे. काळं. आरपार दिसता कामा नये."

"आधी ते ब्लाउजवरून उचल. काय आहे हे?"

"विद्यार्थ्यांच्या डोक्याला लावतो. बाहेरचं काही दिसू नये, विमानातली समोरची घड्याळं तेवढी दिसावीत म्हणून."

"म्हणजे घोड्याची झापडं."

"अगदी तीच. पण पोरं लबाड आहेत, बाजूने डोकावतात."

मी अस्तराचं काळं कापड दुहेरी करून लावलं, कडेला मऊ पट्टी दिली. डोकावायची सोय राहिली नाही. तेव्हापासून फ्लाइंग स्कूलमधली सगळी झापडं माझ्याकडे येतात आणि तिथली मुलं मला झापडवाल्या मावशी म्हणतात. उभं आयुष्य मी लोकांच्या मापात घालवलं, आणि नाव झालं ते असं.

झापडं पोहोचवायला जाता जाता मला ते स्कूल पाठ झालं. पत्र्याची मोठी शेड, तिच्यात चार आसनांची छोटी विमानं, कोपऱ्यात मेकॅनिकचा पाना-पकडींचा फळा. शेजारी ऑफिस: एक टेबल, चहाची किटली, भिंतीवर हवामानाचे कागद आणि कपाटावर कायम खरखरत असलेला रेडिओ. विमानतळाचा टॉवर आणि विमानं एकमेकांशी बोलतात ते त्यावर ऐकू येतं. फक्त ऐकू येतं, आपल्याला बोलता येत नाही. आणि आत एक बारकी खोली, तिला जाड पडदा, तोही मीच शिवलेला. त्या खोलीत विमानाचं नुसतं तोंड ठेवलेलं आहे. पंख नाहीत, चाकं नाहीत. त्याला ते मशीन म्हणतात, आत बसून पोरं उडण्याची तालीम करतात. भाऊ मागे स्टुलावर बसून बटणं दाबतो आणि त्यांच्या काचेवर ढग आणतो.

ढगातून उतरायचा रस्ता कागदावर आधीच आखलेला असतो. कुठे वळायचं, कुठे किती उंच असायचं, कुठून सरळ व्हायचं. शेवटच्या टप्प्यात जमिनीवरून खुणा येत राहतात आणि घड्याळात दोन काटे हलतात. एक सांगतो, बाजूला किती सरकलास. दुसरा सांगतो, वर-खाली किती चुकलास. दोन्ही काटे मधोमध धरून खाली खाली यायचं. ठरलेली एक उंची आली की मान वर करायची. रनवेचे दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर विचार करत बसायचं नाही. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा आणि परत वर. त्या उंचीला ते लोक मिनिमम म्हणतात. माझा भाऊ नुसतं 'तिथे' म्हणतो. "तिथे काय करशील?" असं तो प्रत्येक पोराला विचारतो, येता-जाता, चहा पिताना, दारात गाठून.

बाकीचे शिक्षक आधी उतरायला शिकवतात आणि परत वर जाणं शेवटी उरकतात. ह्याचं उलटं. ह्याच्या मशीनमध्ये सुरुवातीचे कित्येक आठवडे रनवे दिसतच नाही. पोरं घाम गाळून काटे मध्ये धरतात, तिथपर्यंत येतात, मान वर करतात, तर समोर नुसता पांढरा पडदा. परत वर. पुन्हा तोच रस्ता, पुन्हा परत वर. पोरं रडकुंडीला येतात.

"सर, आज तरी उतरू द्या."

"कशाला? खाली काय ठेवलंय?"

मागून पोरं त्याला परत-वर सर म्हणतात. त्याला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. नातेवाईक मात्र हळहळतात: त्याची पोरं मोठमोठी विमानं घेऊन समुद्र ओलांडतात, हा आपला त्या बारक्या खोलीत स्टुलावर. मीही हळहळायचे. मग एकदा त्याने मला विमानात मागे बसवलं.

हवामान ढगाळच होतं, मुद्दाम निवडलेलं. पुढे डावीकडे एक विद्यार्थी, उजवीकडे भाऊ, मागे जीव मुठीत धरून मी. वर गेलो आणि ढगात शिरलो. खिडकीत काही उरलंच नाही. पांढरं नाही, काळं नाही, धुतलेल्या मांजरपाटासारखं काहीतरी, सगळीकडून सारखं. थोड्या वेळाने मला स्पष्ट जाणवलं की विमान डावीकडे कलंडतंय. अगदी स्पष्ट. मी सीटच्या कडेला घट्ट धरून उजवीकडे झुकले.

"आपण पडतोय," मी म्हटलं.

भाऊ मागेही न वळता म्हणाला, "ताई, घड्याळ बघ."

घड्याळातली, विमान किती कलंडलं ते दाखवणारी आडवी रेघ अगदी सपाट होती. विमान सरळ चाललं होतं. माझं अंग मला खोटं सांगत होतं, आणि असं तसं नाही, शपथेवर सांगत होतं. इतकी वर्षं मी याच अंगावर, याच हातांच्या अंदाजावर पोट भरलं. नजरेने बघून कमरेचं माप सांगणारी मी. तिथे माझा मला भरवसा वाटेना. आणि पुढे तो कोवळा विद्यार्थी कपाळावर घाम घेऊन, स्वतःच्या अंगाचं एक अक्षर न ऐकता, काट्यांचं ऐकत बसला होता. भावाचे हात मांडीवर, नजर काट्यांवर. एकदाच हळू म्हणाला, "तिथे काय करशील?" विद्यार्थी म्हणाला, "परत वर." "हं."

आम्ही खाली खाली येत राहिलो. मग ढग खालून विरळ झाला, फाटला, आणि समोर दिवे. दोन रांगा, आणि आम्ही बरोब्बर त्यांच्या मधोमध. खडूच्या रेघेवर कात्री चालावी तसे. मी बघतच राहिले. आंधळ्यासारखे आम्ही इतका वेळ चाललो होतो आणि दार उघडलं ते नेमकं आमच्या पुढ्यात. उतरल्यावर भाऊ स्कूटरची किल्ली शोधत शेडभर फिरत होता. मेकॅनिकने ती स्कूटरलाच लटकलेली दाखवली.

त्यानंतर मी हळहळणं सोडलं.

माझी लेक मामाच्याच स्कूलमध्ये गेली. तिथे तो 'सर', घरी 'मामा'. हुशार पोरगी, हातही माझ्यासारखाच स्थिर. काटे तिच्या हातात असे राहत की बाकीची मुलं तालीम बघायला मागे उभी राहत. आणि तीच एका दुपारी धाडकन दार लोटून माझ्या दुकानात आली.

"मामाने मला परीक्षेला बसवायचं नाकारलं."

झालं होतं असं. मशीनमध्ये ती तिथपर्यंत आली, मान वर केली, दिवे नव्हते. पण दोन्ही काटे मधोमध होते, खुंटीला बांधल्यासारखे. ती थांबली नाही. तशीच खाली गेली आणि रनवेच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर फुलासारखी टेकली. मागे उभ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामाने उठून मशीन बंद केलं.

"कुठे उतरलीस?"

"रनवेवर."

"दिसला होता?"

"नाही. पण तिथेच होता ना."

"हो. मशीनमध्ये असतोच," मामा म्हणाला, आणि दार उघडून तिला बाहेर जायला सांगितलं.

माझं डोकं फिरलं. संध्याकाळी तो आल्या आल्या मी त्याला फैलावर घेतलं. "चुकली असती तर गोष्ट वेगळी. नीट उतरली ना पोर? मग हे काय नाटक?"

तो खुर्चीत बसला. समोर एका गाऊनचं रेशमी कापड पसरलेलं होतं, त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "ताई, नीट उतरली हीच तर पंचाईत आहे. धडपडली असती तर शिकली असती. आता तिच्या हाताला कळलंय की न बघताही जमतं. ते मला तिच्या हातातून काढायचंय."

"आणि नाही निघालं तर?"

"मी मागे बसलो असताना ती वर जाईलच. माझ्या धाकाने जाईल. मी नसताना जाईल का, एवढंच मला बघायचंय. आणि तेच मला बघता येत नाही." हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला तिच्या जिवाची भीती वाटत होती. माझ्या भावाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

समोरच्या त्या कापडावर मी अजून खडूच फिरवला होता. खडू पुसता येतो. कात्री लावली की संपलं. हे मी माझ्या हाताखालच्या मुलींना रोज ओरडून सांगते, आणि त्याच गोष्टीसाठी भावाशी भांडत होते.

मग त्याने तिला पुन्हा पहिल्यापासून बसवलं. आठवडेच्या आठवडे परत वर. लेक घरी येऊन मामाच्या नावाने बोटं मोडायची आणि सकाळी मुकाट्याने जायची. शेवटी तो परीक्षेला हो म्हणाला, ती पास झाली, परवाना आला. त्याने तिच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "तिथे काय करशील?" ती हसली. तो हसला नाही.

अनुभवाचे तास जमवायला ती मग एकटीच विमान घेऊन दुसऱ्या गावांना जायला लागली. प्रत्येक वेळी माझं ठरलेलं वाक्य: "पोहोचलीस की फोन कर." तिचंही ठरलेलं: "पोहोचले गं आई." एवढ्यासाठी मी दिवसभर फोन शिलाई मशीनच्या शेजारी ठेवून शिवत बसायचे.

त्या दिवशी मी दुरुस्त केलेली झापडं द्यायला स्कूलमध्ये गेले होते. लेक सकाळीच एका गावी गेली होती, दुपारच्या आत परतणार होती. तिकडून निघताना तिचा फोन आला. "निघतेय. मामाला सांग, पेट्रोल भरपूर घेतलंय."

"पोहोचलीस की फोन कर."

"आई, तू तिथेच तर उभी आहेस."

"तरी कर."

हवामानाच्या कागदावर ढग उंच होते. प्रत्यक्षात ते ऐकायला तयार नव्हते. मी शेडच्या दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत टॉवरचं टोक गेलं, मग पाण्याची टाकी गेली, मग कुंपणापलीकडची झाडं गेली. मी आत आले. भाऊ रेडिओखाली उभा होता. टॉवरवरच्या माणसाचा आवाज ढग किती खाली आलेत ते सांगत होता, आणि त्याला उत्तर देणारा आवाज माझ्या लेकीचा होता. घरातला नव्हे. सपाट, मापात कापलेला आवाज.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"एकदा प्रयत्न करते म्हणाली."

"अरे, टॉवरला फोन कर. येऊ नको म्हणून सांग तिला."

"ढग कुठे आहेत ते त्यांनी तिला सांगितलंय. तिथपर्यंत यायचा तिला हक्क आहे, ताई. पुढचं तिथे ठरेल."

"आणि नाही ठरलं तर?"

त्याने डोळे मिटले. एक हात टेबलावर टेकवला आणि ओठांतल्या ओठांत उंच्या म्हणायला लागला. रस्ता त्याला पाठच होता. ती आता कुठे वळत असेल, कुठे सरळ होत असेल, काटे कुठे असतील, हे सगळं त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढे चाललं होतं. मेकॅनिक दारात येऊन उभा राहिला, हातातला पाना तसाच.

मग आवाज आला. आधी मधमाशीएवढा, मग स्पष्ट. ढगातून, पत्र्यावरून, भिंतींतून. इंजिनाचा मंद केलेला आवाज, खाली येत असलेला. खाली, आणखी खाली. खिडकीबाहेर काहीही नव्हतं आणि त्या काहीही नसण्यात माझी पोर एकटी होती. खरं सांगते, मला तेव्हा एकच वाटत होतं: ये. थोडंसंच राहिलंय. रनवे इथेच आहे, आम्ही इथेच आहोत, हात लांब केला तर लागेल. अजून थोडी खाली ये आणि उतर बाई एकदाची. सगळं माहीत असून मला तेच वाटत होतं. मग तिला त्या क्षणी काय वाटत असेल?

भावाचे ओठ थांबले.

"तिथे," तो म्हणाला.

आवाज तसाच, मंद, आमच्या डोक्याशी. आणि मग तो फुटला. इंजिनाने पूर्ण ताकद लावली, खिडकीच्या काचा थरथरल्या, किटलीचं झाकण वाजलं, आणि तो गडगडाट आमच्यावरून पुढे गेला, चढला, चढत गेला, ढगात वर वर नाहीसा झाला. रेडिओवर तिचा आवाज: "गोइंग अराउंड," म्हणजे परत वर. तसाच सपाट.

मी इतक्या जवळून इतकी मोठी गोष्ट घडताना कधी अनुभवली नव्हती, आणि दिसलं तर काहीच नाही. एक आवाज खाली आला आणि वर गेला, बस. पण माझ्या अंगावर काटा उभा राहिला तो बराच वेळ बसला नाही. बाहेर बघून नाही, मामाच्या धाकाने नाही, आईच्या ओढीने नाही. तिथे ती एकटी होती आणि एकटीनेच ठरवलं.

भावाने डोळे उघडले नाहीत. "अजून एक आहे," तो म्हणाला.

टॉवरने तिला विचारलं, पुढचा विचार काय. रेडिओ खरखरला. उत्तर येईना. पुन्हा एकदा येऊन बघावं, ही दुसरी हाव पहिलीपेक्षा वाईट, हे त्याने मला कधीतरी सांगितलं होतं. एकदा काटे इतके छान बसले, आता नक्की दिसेल, असं वाटतं म्हणे. मी टेबलाची कड धरली होती. मग तिचा आवाज आला. शेजारच्या मोठ्या विमानतळाचं नाव घेऊन, तिकडचा रस्ता मागणारा. तिकडे आभाळ मोकळं होतं.

मेकॅनिक पाना घेऊन कामाला गेला. भाऊ खुर्चीत बसला आणि खिसे चाचपायला लागला.

"काय शोधतोस?"

"चष्मा."

"डोक्यावर."

त्याने तो काढला, पुसला, पुन्हा पुसला, आणि लावायचं विसरला. मग कितीतरी वेळ आम्ही बहीण-भाऊ नुसते फोनकडे बघत बसलो. फोन वाजला तेव्हा मी तो पहिल्या घंटीलाच उचलला.

"आई," ती म्हणाली, आणि हा आवाज घरातला होता, थोडासा फाटलेला. "मी पोहोचले नाही."

"हो गं," मी म्हटलं. इतक्या वर्षांत तिचा पोहोचल्याचा फोन आला की मी "बरं" म्हणून शिवायला बसायचे. आज ती भलत्याच गावी उतरली होती आणि मी ढसाढसा रडत होते, आनंदाने. भावाने माझ्या हातातून फोन घेतला.

"बोल... हं... हं... खाऊन घे काहीतरी. ढग उठले की उद्या ये, घाई नाही." मग थोडा थांबून म्हणाला, "नाही, आता नाही विचारणार. पुन्हा कधीच नाही विचारणार तुला."

त्याने फोन ठेवला, उठला, किटलीतला चहा दोन कपांत ओतला आणि माझ्यापुढे एक कप ठेवला.

"साखर कुठेच दिसत नाही गं," तो म्हणाला.

डबा त्याच्या कोपराशीच होता. मी तो फिका चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.